कंडक्टरमावशींचं नारिंग

आमच्या घरमालकीण मावशी सकाळी सहाला अंगणात यायच्या आणि पहिल्या कुंडीपाशी उभं राहून म्हणायच्या, "चला, मागं सरका, मागं." कुंडीत चिनी संत्र्याचं झाड. ते बिचारं कुठं सरकणार? पण मावशींची सगळी नोकरी एसटीत कंडक्टर म्हणून झालेली. गर्दी दिसली की त्यांच्या तोंडातून दुसरं काही निघतच नसे, आणि अंगणात गर्दी होतीच. खोलीएवढ्या शहाबादी फरशीवर मी एकदा मोजली तर एकतीस झाडं निघाली, आणि सगळीच्या सगळी लिंबा-संत्र्याच्या जातीची. कुणी तेलाच्या डब्यात, कुणी फुटक्या बादलीत, कुणी घमेल्यात, एक तर चक्क तोंड धुवायच्या बेसिनमध्ये. गुलाब नाही, मोगरा नाही. एक तुळस होती, तीही कोपऱ्यात अंग चोरून उभी, विनातिकीट चढल्यासारखी.

मला गंगाखेडच्या सरकारी दवाखान्यात रक्त तपासायच्या खोलीत नोकरी लागली, तेव्हा मी त्यांच्याकडं दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. पहिल्याच दिवशी मावशींनी मला फाटकात अडवलं.

"एकटीच हायस? सामान किती?"

"दोन बॅगा आणि गॅस."

"बसंल," त्या म्हणाल्या आणि मग नियम सांगितले. दोरीवर चादरी वाळत घालायच्या नाहीत, झाडांवर सावली पडते. तांदळाचं धुवण मोरीत ओतायचं नाही, बादलीत जमा करायचं. आणि कुठल्याही फळाला हात लावायचा नाही. "बगायचं. वास घ्यायचा. हात मागं बांधून." मला हसू आलं. तर म्हणाल्या, "हसू नको. तुज्या आधीच्या भाडेकरनीला मी ह्याच पायी उतरवलंय."

मी पण काही कमी फटकळ नाही. मी विचारलं, मग एवढी फळं करायची काय? मावशींनी माझ्याकडं असं पाहिलं, जणू शंभराची नोट पुढं करून मी सहा रुपयांचं तिकीट मागितलं होतं. "काय करायची म्हंजे? शोभा हाय ती."

शोभा हा शब्द मावशी फार जपून वापरत. लग्नातली रोषणाई त्यांना शोभा वाटत नसे, शेजारच्या बंगल्यावरचा सिमेंटचा मोर तर नाहीच नाही. चिनी संत्र्याची गोटीएवढी केशरी फळं पानाआड लटकली, की ती शोभा. पपनसाचं एकच फळ, नारळाएवढं, काडीसारख्या फांदीवर तोल सांभाळून बसलं, की ती शोभा. फळ आपोआप गळून पडलं तर त्या ते उचलून खिडकीत ठेवायच्या आणि पार सुकून खडा होईपर्यंत तिथंच ठेवायच्या. मला एकदा ताप आला होता. मी खाटेवरून म्हटलं, मावशी, एक लिंबू तोडून सरबत द्या की. त्या तरातरा बाजारात गेल्या, अर्धा किलो लिंबं घेऊन आल्या आणि दोन दिवस मला दर दोन तासांनी सरबत पाजलं. दारातली अकरा लिंबं जागची हलली नाहीत.

झाडांना नावं होती, गाड्यांची. फाटकाजवळचं ते पालम. भराभरा वाढणारं ते नांदेड एक्स्प्रेस. पाणी पिऊनही वर्षभर ढिम्म उभं राहायचं, त्याचं नाव मुक्कामी. झरी नावाचं एक लिंबू होतं, ते सारखं कशानं ना कशानं आजारी पडे. मी दवाखान्यातून आले की मावशी विचारत, "आज पेशंट किती?" आणि मी आकडा सांगितला की म्हणत, "त्यात झरीचं एक धर."

बहार धरायच्या आधी त्या झाडांचं पाणी तोडायच्या. ह्याला ताण देणं म्हणतात, मोसंबीवाले शेतात करतात तेच. पानं माना टाकायची, सगळं अंगण सुतक असल्यासारखं दिसायचं आणि गल्लीतल्या बायका हळहळायच्या. मावशी हू की चू करत नसत. मग एक दिवस पाणी सोडायच्या, आणि दोन-तीन आठवड्यांत पांढऱ्या फुलांनी झाडं अशी लदबदायची, की गल्लीच्या तोंडाशी भाजीवाला हातगाडा थांबवून नुसता उभा राहायचा. मावशी फाटकातून म्हणायच्या, "घ्या वास. तिकीट न्हाई लागत."

शेजाऱ्यांनी नवी जीप घेतली तेव्हाची गोष्ट. जीपची पूजा झाली, हार घातला, आता चार चाकांखाली चार लिंबं ठेवून गाडी पुढं घ्यायची. ऐन वेळी कळलं की लिंबं आणायची राहिली. शेजारी भिंतीवरून वाकले आणि त्यांनी पालमवरची चार चिनी संत्री खुडली. मावशी आत भाकरी थापत होत्या. त्यांना कसं कळलं देव जाणे, पीठभरल्या हातानं त्या बाहेर आल्या, सरळ जीपपुढं जाऊन उभ्या राहिल्या आणि हात आडवा केला. ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं. मावशींनी चारी चाकांखालून चारी फळं काढून पदरात घेतली आणि शेजाऱ्यांना म्हणाल्या, "नजर लिंबानं उतरती. संत्र्यावर गाडी घातली तर काय होतंय मालूम हाय का? कायबी होत न्हाई. नजर तशीच राहती." शेवटी शेजारी स्वतः बाजारात जाऊन लिंबं घेऊन आले, मुहूर्त पाऊण तास पुढं गेला, आणि तोवर मावशी जीपच्या बॉनेटला टेकून उभ्या होत्या.

लिंबाच्या पानांवर एक अळी पडते, लहान असताना चिमणीच्या विष्ठेसारखी दिसते आणि दोन दिवसांत फांदी बोडकी करते. मावशी ती मारत नसत. चिमट्यानं उचलून जेवणाच्या डब्यात भरायच्या आणि महादेवाच्या देवळामागच्या बेलावर नेऊन सोडायच्या. त्या अळीला बेलही चालतो. "बदली केली," म्हणायच्या. पुजाऱ्यानं एकदा पकडलं. बेलाची पानं खाल्ली तर महादेवाला वाहायचं काय, असं तो तावातावानं विचारायला लागला. मावशी म्हणाल्या, "गुरव मामा, त्या पिंडीवर चढलेलं सगळं शेवटी महादेवाचंच का न्हाई? मग अळीबी त्याचीच. त्याला बेजार झालं तर तो मला सांगंल." पुजारी दुसऱ्या दिवसापासून बेलाला फेरी मारून बघायला लागला.

एवढ्या गर्दीत एकाच झाडाला गाडीचं नाव नव्हतं. ते हातभर उंचीचं, घागरीच्या तुटक्या बुडात लावलेलं, काठीला बांधलेलं रोप. त्याला त्या नुसतं नारिंग म्हणायच्या. त्याच्याशी बोलताना "मागं सरका"ही म्हणत नसत.

मावशींचं माहेर पालमच्या अलीकडं, फाट्याला लागूनच. दारात त्यांच्या आईनं बी टोचून नारिंगाचं झाड वाढवलं होतं. नारिंगाचं फळ संत्र्यासारखं दिसतं, पण आंबट-कडू, तोंडात धरवत नाही. म्हणून कुणी तोडत नाही आणि थंडीभर झाड केशरी राहतं. "आईचा सगळा जल्म कापूस आन ज्वारी आन म्हशीच्या शेणात गेला," मावशींनी मला सांगितलं होतं. "घरात जे होतं ते कामाचं होतं. हे येक झाड तिनं नुसतं बगायला लावलं. सांच्याला त्याच्याकडं तोंड करून पाच मिंट बसायची. तेवढ्यात कुनी हाक मारली तर ओ द्यायची न्हाई."

आई गेली. भाऊ मोसंबीवाला, कष्टाळू माणूस. त्यानं ट्रॅक्टर घेतला आणि ट्रॅक्टरला शेड पाहिजे म्हणून दारातलं नारिंग तोडलं. बहिणीला विचारायचं त्याच्या डोक्यातही आलं नाही. ज्या झाडाचं फळ बाजारात जात नाही, त्याचं कुणाला काय विचारायचं?

मावशी त्या दिवशी पालमच्या गाडीवर ड्यूटीला होत्या. रिटायर व्हायला थोडेच महिने राहिलेले. फाट्यावरून जाताना रोज खिडकीतून घराच्या छपरावर झाडाचा शेंडा दिसायचा, तो दिसला नाही. त्यांनी घंटी मारली. ड्रायव्हरला वाटलं कुणाला उतरायचंय. उतरल्या त्या कंडक्टरच. भरलेली गाडी रस्त्यात उभी करून खाकी कपड्यात त्या माहेरच्या दारापर्यंत पळत गेल्या. तोडलेल्या फांद्यांचा ढीग होता, त्यातली एक हिरवी फांदी मोडली, ओल्या रुमालात गुंडाळली. भाऊ कुऱ्हाड हातात घेऊन उभा होता. तो "अक्का" म्हणाला. त्या तशाच परत फिरल्या आणि गाडीत चढून डबल बेल दिली. गाडीला उशीर झाला म्हणून मेमो मिळाला. नोकरीतला एकुलता एक. बाकी लोक सत्काराचे फोटो लावतात, मावशींनी बैठकीत तो मेमो फ्रेम करून लावला होता.

त्या फांदीवरचे सात डोळे, म्हणजे पानांच्या बगलेतले कोंब, त्यांनी सालीसकट काढून जंबेरीच्या, म्हणजे रानटी लिंबाच्या, सात रोपांवर कलम करून भरले. डोळा भरणं त्या गाडीतच शिकल्या होत्या, नर्सरीतली माणसं रोज ह्या गाडीनं जायची त्यांच्याकडून. सातातले सहा वाळले. एक धरला. तेच हे नारिंग, आणि आईच्या झाडाचं जगात उरलेलं एवढंच. भावाशी बोलणं त्या दिवसापासून बंद. दोन राख्या, दोन भाऊबिजा कोरड्या गेल्या. मी एकदा विषय काढला तर म्हणाल्या, "मला आता तिकडं जायची गरजच काय? जे पायजे होतं ते मी आणलंय."

मग त्यांच्या डोळ्यात मोतीबिंदू निघाला. नांदेडला लेकीकडं राहून ऑपरेशन करायचं, पंधरा दिवस. जायच्या आधी मला दोन तास शिकवणी झाली. बाकी तीस झाडांचं एका कागदावर लिहून दिलं. नारिंगाचं तोंडी, हात धरून, दोनदा. "ही गाठ बगितली? हिच्या खाली जंबेरी, हिच्या वर नारिंग. जंबेरी दांडगी. संधी भेटली की खालून आपला कोंब काढती आन वरच्याला उपाशी मारती. रोज बगायचं आन खालचा कोंब अंगठ्यानं मोडायचा. समजलं?"

समजलं की. मी शिकलेली बाई, रोज पन्नास जणांचं रक्त तपासते.

पहिले पाच दिवस मी कोंब मोडला. मग उन्हाची लाट आली. दवाखान्यात उलट्या-जुलाबाची रांग लागली, मी घरी यायची ती पाणी घालून आडवी व्हायची. आठ दिवसांनी नारिंगाकडं नीट पाहिलं तर खालून वीतभर कोंब वर आलेला. हिरवागार, टवटवीत, तुकतुकीत. आणि वरचं नारिंग पिवळं पडलेलं, पानं वळलेली, दोन तर गळून गेलेली. इथं माझी अक्कल चालली. नियम मला पाठ होता, विसरले असं मी म्हणणार नाही. पण मला वाटलं, वरचं तर चाललंच आहे, निदान खालच्या चांगल्या फुटीचा जीव तरी वाचवावा. रोगट भाग काढला की बाकीचं अंग सुधारतं, हे दवाखान्यात रोज बघते. मी कात्री घेतली. हिरवं ठेवलं, पिवळं काढलं. काढलेलं सकाळच्या घंटागाडीत टाकलं आणि वर समाधानानं चहा प्याले.

मग संध्याकाळी घागरीच्या बुडाशी बसून पुन्हा पाहिलं, आणि आपण काय करून बसलो ते कळलं. गाठीच्या वर आता काहीच नव्हतं, उरली होती ती नुसती जंबेरी. मी त्या कोंबाला कितीतरी वेळ हात जोडून बसले होते, जसं काही तो नारिंग होणार होता.

मावशी काळा चष्मा लावून परत आल्या. वाकायचं नाही, धुळीत जायचं नाही, असं डॉक्टरनं बजावलेलं. त्या ओसरीत खुर्ची टाकून बसायच्या आणि मी एकेक कुंडीची हजेरी द्यायची. पालम? चांगलंय. झरी? नेहमीसारखंच. नारिंग? "ठीक आहे," मी म्हणायची. चार दिवस म्हणाले. तेवढे चार दिवस मला भाकरी गोड लागली नाही. पाचव्या दिवशी मावशी म्हणाल्या, "आन बरं त्याला हितं. मांडीवर दे."

मी घागरीचं बूड त्यांच्या मांडीवर ठेवलं. त्यांनी एका पानाच्या देठावरून बोट फिरवलं. पुन्हा फिरवलं. नारिंगाच्या देठाला आणखी एक छोटं पान असतं, पंखासारखं. जंबेरीला ते जवळजवळ नसतंच. मावशी चष्म्याआडून कुठं बघत होत्या ते दिसत नव्हतं.

"पंख न्हाई," त्या म्हणाल्या.

"मी कापलं, मावशी. मला वाटलं ते मेलंय."

"कुठं टाकलं?"

"घंटागाडीत. आठ दिवस झाले."

"हं."

एवढंच. त्या मला उतरवतील असं वाटलं होतं, बरं झालं असतं. शिव्या घातल्या असत्या तर मी चार उलट बोलले असते आणि रडून मोकळी झाले असते. पण त्या तीन दिवस बोलल्याच नाहीत. माझ्याशी नाही, झाडांशीही नाही. सकाळी सहाला अंगणात कुणी मागं सरका म्हणेना. मी मनात म्हणत होते, आईचं उरलेलं एवढंसं होतं, आणि ते मी शहाणीनं कचऱ्यात घातलं.

चौथ्या दिवशी त्यांनी विचारलं, "तुला सुट्टी कवा हाय?"

"उद्या. रविवार."

"मग चल. माहेरच्या उकिरड्यावर कुठंतरी आईच्या झाडाचं बी पडून उगवलं असंल. दोन वर्सं झाली, रोप सापडंल." आणि पदर खोचत म्हणाल्या, "भावाकडं न्हाई जायलोय आपन. उकिरड्याकडं जायलोय."

गाडीत त्या खिडकीशी बसल्या, चष्मा लावून, मांडीवर पिशवी. पिशवीत ओला रुमाल आणि डोळा भरायचा चाकू. फाट्यावर उतरलो. घराच्या दारात भाऊच उभा होता, उंच, वाळका, खांद्यावर टॉवेल.

"अक्का," तो म्हणाला.

मावशी माझ्याकडं वळल्या. "ह्याला इचार, उकिरडा कुठं हाय."

तो आमच्यापासून जेमतेम दोन हात लांब उभा. मी काय करणार, विचारलं. त्यानं मलाच उत्तर दिलं, "सांगा तिला, उकिरड्याकडं नंतर जा म्हनावं. आधी शेडकडं चला म्हनावं."

शेड पत्र्याचं, मोठं. पण त्याचा एक कोपरा पत्र्याविना उघडा. तिथं जमिनीला लागून जाड खोड कापलेलं होतं, आणि त्या खोडातून पाच-सहा फुटवे वर आले होते, माझ्या छातीएवढे. भोवती बोराटीच्या काट्यांचं कुंपण, आत तळाला भोक पाडलेलं मडकं, त्यातून थेंब थेंब पाणी. कोपरा झाडाला दिल्यामुळं ट्रॅक्टर पुरता आत मावत नव्हता. मागची दोन चाकं उन्हात होती.

मावशींनी वाकू नये असं डॉक्टर म्हणाले होते. त्या वाकल्या, काट्यातून हात घातला, देठावरून बोट फिरवलं. मग चष्मा काढला. मी आता कुठल्याच खालच्या फुटीवर विश्वास ठेवायला तयार नव्हते, म्हणून म्हटलं, "मावशी, हे पण खालूनच फुटलंय. जंबेरीचं तर नसेल?"

"ह्याला जंबेरी कुठली? आईनं बी टोचलेलं. मुळापसून शेंड्यापस्तोर नारिंगच हाय."

मला रडू आलं, आणि मी ते लपवलं नाही. मावशींनी मात्र पहिल्यांदाच सरळ भावाकडं पाहिलं. "कवा फुटलं हे?"

"तोडलं त्याच पावसाळ्यात."

"मग कळवलं कामून न्हाईस?"

"कळवलं असतं तर तू म्हनली असतीस, तोडताना कामून न्हाई कळवलं."

"म्हनलेच असते."

"म्हनून," तो म्हणाला आणि टॉवेलनं तोंड पुसत राहिला.

मावशींनी पिशवीतून चाकू काढला. मी ओला रुमाल उघडून तयार. त्यांनी एक फांदी धरली. डोळा काढायला शिसपेन्सिलीएवढी जाड फांदी लागते, आणि ही त्याहून थोडी जाडच होती. गोल, पक्की, डोळे फुगलेले. मलासुद्धा कळत होतं. मावशींनी चाकूचं पातं फांदीला टेकवलं, बराच वेळ तसंच धरलं, आणि मग मिटलं.

"कच्ची हाय," त्या कुणाकडंच न बघता म्हणाल्या. "आता डोळा काढला तर धरायचा न्हाई. पंधरा दिवसाला येऊन बगावं लागंल."

भावाचा सगळा जन्म मोसंबीत गेलेला. हजारो डोळे त्याच्या हातानं भरलेले. तो पुढं झाला, ती फांदी दोन बोटांत धरून अंगठ्यानं दाबून बघितली, बारकाईनं, वरपासून खालपर्यंत.

"कच्चीच हाय, अक्का," तो म्हणाला. "लय कच्ची हाय. चार-दोन वर्सं तरी लागतील."